हाय आयएसओ फोटोंतला नॉइज: किती काढायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा

संध्याकाळची वेळ, खोलीत एकच टेबललॅम्प, काका खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेले. फ्लॅश मारला असता तर त्यांनी दचकून वर पाहिलं असतं आणि सगळी मजाच गेली असती. शटर फार हळू ठेवलं असतं तर पान उलटणारा हात हलला असता. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यातला सिग्नल वाढवण्याचा आकडा, ६४०० वर नेला आणि फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो झकास दिसत होता. कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा मागच्या गडद पडद्यावर जांभळे-हिरवे डाग आणि काकांच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे! यालाच नॉइज म्हणतात.

मी तेव्हा नवशिका होतो. नॉइज घालवणारा स्लायडर सापडला, तो सरळ ८० वर नेला. दाणे गेले, पण त्यांच्याबरोबर स्वेटरची वीण गेली, भुवयांचे केस गेले, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या गेल्या. काकूंनी फोटो पाहून "हे एवढे गुळगुळीत कधी होते?" एवढंच विचारलं.

पुढे त्याच फोटोच्या रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलवर, मी बऱ्याचदा हात साफ केला. खालच्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं: रंगाचे डाग बेधडक काढा, दाणे मात्र हात राखून काढा. दोन्हींना एकाच मापाने मोजलं की फोटो बिघडतो.

नॉइज येतो कुठून

"आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला" असं आपण सर्रास म्हणतो. खरं कारण म्हणजे सेन्सरवर उजेडच कमी पडला. आयएसओ फक्त त्या कमी उजेडाचा सिग्नल वाढवून दाखवतो.

पाऊस सुरू झाल्यावर अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या ओळीने मांडल्या आहेत असं समजा. दोन मिनिटांत वाट्या आत घेतल्या तर एकीत जास्त थेंब, दुसरीत कमी, असा फरक सहज दिसेल. तासभर ठेवल्या तर सगळ्या जवळपास सारख्या भरलेल्या असतील. सेन्सरवरचे पिक्सेल म्हणजे या वाट्या आणि प्रकाशाचे कण म्हणजे थेंब. सरासरी १०० कण पडले तर चढउतार साधारण १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. हा निसर्गाचाच हिशेब आहे, कॅमेरा कितीही महाग असला तरी तो चुकत नाही. तोच फोटो आयएसओ १०० ऐवजी ६४०० वर घेतला तर उजेड ६४ पट कमी पडतो आणि या हिशेबाने उजेडाच्या तुलनेत नॉइज ८ पट वाढतो.

यात कॅमेऱ्याच्या सर्किटचा स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो. तो सावल्यांत जास्त जाणवतो, कारण तिथे मुळात सिग्नलच तुटपुंजा असतो.

आता डागांचं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगीत फिल्टरची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. जाळीतले निम्मे पिक्सेल हिरवा प्रकाश मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग ठाऊक असतो, उरलेले दोन सॉफ्टवेअर शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरतं. त्यामुळे एका पिक्सेलची चूक शेजारी पसरते आणि एका ठिपक्याचा डाग होतो. पिवळ्या दिव्याखाली तर निळ्या पिक्सेलना उपाशीच राहावं लागतं. पुढे व्हाइट बॅलन्स नीट करताना, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवताना, सॉफ्टवेअर निळा चॅनल वर खेचतं, त्याबरोबर त्यातला नॉइजही वर येतो. काकांच्या मागच्या पडद्यावरचा जांभळा रंग त्यातलाच.

पायरी १: रॉ फाइल घ्या, आणि आधी उजेड ठीक करा

जेपेग फाइलवर हे काम करता येतं, पण कॅमेऱ्याने त्यात स्वतःच्या मर्जीने आधीच नॉइज पुसलेला असतो, वर शार्पनिंग, म्हणजे कडा टोकदार करणं, चढवलेलं असतं, शिवाय प्रत्येक रंगाला ८ बिट एवढीच जागा असते. रॉ फाइलमध्ये १२ किंवा १४ बिट असतात आणि त्यातला नॉइज कच्चा असतो. कच्चा नॉइज काढायला सोपा. कॅमेऱ्याच्या मेनूतला हाय आयएसओ नॉइज रिडक्शनचा पर्याय सहसा जेपेगपुरताच चालतो, रॉ वापरणाऱ्यांनी त्यात डोकं घालायचं कारण नाही.

नवशिके बहुधा फाइल उघडली की थेट नॉइजच्या स्लायडरकडे धाव घेतात. थांबा. आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्सपोजर, मग शॅडोज एवढं लावून घ्या. शॅडोज ६० ने वर उचलल्या की आतापर्यंत अंधारात लपलेला नॉइज उजेडात येतो, म्हणजे आधी लावलेले सगळे आकडे फुकट.

इथेच स्वतःला एक प्रश्न विचारा: ही सावली उचलायची गरज आहे का? काकांच्या मागचा पडदा मी उचलला होता, कशासाठी ते देव जाणे. पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. ब्लॅक्सचा स्लायडर थोडा खाली आणला, पडदा काळोखात गेला आणि निम्मा नॉइज एकही दाणा न पुसता नाहीसा झाला. शिवाय फोटो दिव्याच्या उजेडातला वाटू लागला, जो तो होताच. सावलीत आडवे-उभे पट्टे दिसत असतील तर हाच उपाय, कारण नॉइजच्या स्लायडरना पट्टे सहसा दाद देत नाहीत.

क्लॅरिटी, टेक्श्चर, डीहेझ हे तीन स्लायडर हाय आयएसओ फोटोंत जपून वापरा. तिघेही बारीक फरक ठळक करतात, आणि नॉइज म्हणजे बारीक फरकच.

पायरी २: झूम १०० टक्के, शार्पनिंग शून्य

नॉइज काढताना झूम १०० टक्के ठेवा. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावलेला असताना पिक्सेल एकमेकांत मिसळून दिसतात आणि तुम्ही काय करताय ते कळतच नाही. रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्येही या टूलचा परिणाम १०० टक्क्यांवरच नीट दिसतो.

अडोबीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर लाइटरूम रॉ फाइलला आपणहून ४० शार्पनिंग लावतं. ते तात्पुरतं ० करा, नाहीतर एका हाताने दाणे पुसायचे आणि दुसऱ्या हाताने टोकदार करायचे असा प्रकार होतो.

मग फोटोत तीन जागा निवडून ठेवा. एक सपाट आणि गडद, इथे पडदा. एक बारीक पोताची, इथे स्वेटर. तिसरी, जिच्याकडे बघणाऱ्याची नजर आधी जाईल ती, म्हणजे डोळे. प्रत्येक बदलानंतर या तिन्ही जागांवर फिरून या. फक्त पडदा बघत बसलात तर स्लायडर कुठवर जाईल याचा नेम नाही.

पायरी ३: रंगाचे डाग

आपला डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला तेवढा टिपत नाही. जेपेगसुद्धा याचाच फायदा घेऊन रंगाची माहिती कमी साठवतं. म्हणून रंगाचा नॉइज भरपूर पुसला तरी फोटो मऊ पडल्यासारखा वाटत नाही.

लाइटरूम किंवा अडोबीच्याच कॅमेरा रॉमध्ये डिटेल पॅनलमधल्या मॅन्युअल नॉइज रिडक्शनखाली कलर नावाचा स्लायडर आहे. रॉ फाइलला तो आधीच २५ वर असतो. तो एकदा ० करा, डाग किती आहेत ते पाहून घ्या, मग हळूहळू वाढवा. डाग गेले त्याच आकड्यावर थांबा. माझ्या कॅमेऱ्याच्या ६४०० च्या फाइलींना ३० ते ४० पुरतात. त्याखालचा स्मूदनेस मोठ्या, पसरट डागांसाठी आहे. पडद्यावर ढगासारखे जांभळे चट्टे उरले तर तो ५० वरून ७० कडे न्या.

जास्त झालं हे ओळखायची खूण सांगतो. छोट्या, गडद रंगाच्या वस्तूंकडे बघा. पुस्तकातून लोंबणारी खुणेची लाल फीत माझ्या पहिल्या प्रयत्नात करडी पडली होती. ओठ फिके पडणं, एका कपड्याचा रंग शेजारच्या कपड्यात झिरपणं, ही सगळी तीच लक्षणं. अशा वेळी कलरखालचा डिटेल थोडा वाढवा, नाहीतर मुख्य स्लायडरच मागे घ्या.

पायरी ४: दाणे

खरी कसोटी इथे आहे. ल्युमिनन्सचा स्लायडर उजेडातले दाणे काढतो. अडचण अशी की सॉफ्टवेअरच्या लेखी दाणा, स्वेटरचा धागा आणि पांढऱ्या दाढीचा खुंट यांत फारसा फरक नसतो. तिन्ही म्हणजे शेजारच्यापेक्षा वेगळे दिसणारे बारीक ठिपके.

माझी पद्धत अशी. स्लायडर ० वरून निघा आणि नजर स्वेटरवर ठेवा, पडद्यावर नाही. पाच-पाचने वाढवत जा. एका आकड्यावर वीण विरघळायला लागते. तिथून दहा मागे या. काकांच्या फोटोत वीण ४० ला विरघळू लागली, मी ३० वर थांबलो. पडद्यावर तेव्हा दाणे शिल्लक होते आणि चेहऱ्यावरही पुसट होते. ते असू दिले.

त्याखाली दोन उपस्लायडर आहेत. डिटेल ५० वर असतो. वाढवला तर बारीक गोष्टी वाचतात, पण दाणेही वाचतात. कमी केला तर सगळं साबणासारखं होतं. मी तो ५० ते ६० मध्येच ठेवतो. कॉन्ट्रास्टचा परिणाम इतका सूक्ष्म असतो की सुरुवातीची काही वर्षं तो विसरलात तरी चालेल.

डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर डिनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल शोधा. त्यात वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या नॉइजची आयएसओवार मोजमापं आधीच भरलेली आहेत. तुमचा कॅमेरा त्या यादीत असला तर मॉड्यूल चालू करताच बरंचसं काम होतं, पुढे फक्त स्ट्रेंथ कमी-जास्त करायची.

आणि काळोखात एखादा एकटाच लाल किंवा पांढरा ठिपका चमकत असेल, दर फोटोत त्याच जागी, तर तो हॉट पिक्सेल. त्याच्यासाठी ल्युमिनन्स वाढवू नका. बरीच सॉफ्टवेअर तो आपोआप काढतात, उरलाच तर हीलिंग ब्रशने एक टिचकी.

पायरी ५: सगळीकडे सारखं नको

पडद्याला ६० चालतं, स्वेटरला ३० च्या वर चालत नाही, मग दोघांना एकच आकडा का? मास्क वापरा, म्हणजे फोटोचा एक भाग निवडून बदल फक्त तिथेच लावा. लाइटरूममध्ये सब्जेक्ट सिलेक्ट करून मास्क उलटा केला की फक्त पार्श्वभूमी हाती येते. तिथे नॉइजचा स्लायडर वाढवायचा. ल्युमिनन्स रेंजने फक्त सावल्या निवडल्या तरी जमतं, कारण खरा चिवट नॉइज तिथेच असतो. मास्कची कड मऊ ठेवा, नाहीतर केसांभोवती गुळगुळीत कंगोरा दिसतो आणि तो नॉइजपेक्षा वाईट.

शार्पनिंग आता परत आणा, पण मास्किंगच्या स्लायडरसह. ऑल्ट की, मॅकवर ऑप्शन, दाबून धरून तो सरकवला की चित्र काळं-पांढरं दिसतं. पांढरं तिथे शार्पनिंग लागणार, काळं तिथे नाही. पडदा आणि गाल काळे होऊन डोळे, चष्म्याची फ्रेम, पुस्तकाच्या कडा एवढंच पांढरं उरेपर्यंत सरकवा. हाय आयएसओ फोटोंत हा आकडा ६०-७० च्या पुढे जातो.

एआय डिनॉइज वापरायचा का?

वापरायचा. इतकं सगळं हाताने शिकवल्यावर हे म्हणणं विचित्र वाटेल, पण जुन्या स्लायडरना जे जमत नाही ते ही टूल करतात. डीएक्सओ कंपनीचं डीपप्राइम २०२० साली आलं, अडोबीचं डिनॉइज एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलं, टोपाझचीही आहेत. नॉइज असलेल्या आणि स्वच्छ फोटोंच्या असंख्य जोड्या दाखवून ही शिकवलेली असतात. डीपप्राइम तर रंगांची जाळी उलगडतानाच नॉइज वेगळा काढतं, म्हणून डाग पसरायच्या आधीच धरले जातात. म्हणूनच हे काम शक्यतो सगळ्यात आधी, रॉ फाइलवर करा. हीलिंग आणि मास्क नंतर. कॉम्प्युटरला बरा ग्राफिक्स कार्ड हवा, नाहीतर एका फोटोला काही मिनिटं लागतात.

फक्त एक लक्षात घ्या: जिथे माहिती नाही तिथे हे सॉफ्टवेअर अंदाज करतं आणि तो अंदाज खऱ्यासारखा रंगवतं. काकांच्या हातातल्या पुस्तकाच्या पाठीवरचं नाव फोकसच्या जरा बाहेर होतं. मूळ फोटोत ते अस्पष्ट पण वाचता येत होतं. एआयची मात्रा ८० केल्यावर अक्षरं छान रेखीव झाली, फक्त ती कुठल्याच लिपीतली राहिली नाहीत. 'क्ष'च्या जागी कसलीशी वेलबुट्टी! तसंच दूरचे चेहरे, गवत, पक्ष्यांची पिसं. या जागा १०० टक्के झूम करून मूळ फोटोशी ताडून पाहा. अडोबीच्या टूलमध्ये मात्रा ५० वर येते, मी बहुधा ३० ते ४० वर उतरवतो.

वस्तू हलत नसेल तर

मग नॉइज पुसायचीच गरज नाही, त्याची सरासरी काढा. रात्रीची इमारत, टेबलावर मांडलेली वस्तू, असं काही असेल तर त्याच सेटिंगवर लागोपाठ ८ किंवा १६ फोटो घ्या. खरा तपशील प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, नॉइज दर वेळी वेगळा. सरासरी काढली की नॉइज आपापसांत कटतो. ४ फोटोंत तो निम्मा होतो, १६ फोटोंत पाव. तपशील एका धाग्यानेही कमी होत नाही. मोबाइलमधले नाइट मोड हेच करतात, गूगलच्या पिक्सेलवर २०१८ साली आलेला नाइट साइट त्यांतलाच.

फोटोशॉपमध्ये फाइल मेनूतल्या स्क्रिप्ट्सखाली लोड फाइल्स इन्टू स्टॅक आहे. तिथे फोटो निवडा, आपोआप जुळवण्याच्या आणि स्मार्ट ऑब्जेक्ट बनवण्याच्या दोन्ही चौकटींत खूण करा. मग लेयर, स्मार्ट ऑब्जेक्ट्स, स्टॅक मोड, मीन (म्हणजे सरासरी). चौकटीतून माणसं ये-जा करत असतील तर मीनऐवजी मीडियन निवडा, बहुतेक फोटोंत एकाच जागी न थांबलेली माणसं गायब होतात.

ब्लॅक अँड व्हाइट, एक पळवाट

रंगाचे डाग काही केल्या जात नसतील तर रंगच काढून टाका. उरलेले दाणे फिल्मच्या ग्रेनसारखे दिसतात आणि लोक वर कौतुक करतात. फक्त रंगांच्या मिक्सरमध्ये निळा फार खाली-वर ओढू नका. पिवळ्या उजेडात सगळ्यात जास्त नॉइज त्याच चॅनलमध्ये आहे हे वर आलंच, तो ओढला की रंग गेला तरी चट्टे परत उगवतात.

पायरी ६: ज्या मापात दिसणार त्या मापात बघा

६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो ३००० बाय २००० केला की चार पिक्सेल मिळून एक होतो. ही पण सरासरीच, नॉइज साधारण निम्म्यावर येतो. मोबाइलवर बघायचा फोटो त्याहूनही लहान असतो. म्हणजे १०० टक्क्यांवर तुम्हाला छळणारे दाणे बघणाऱ्याच्या वाट्याला येतच नाहीत. १०० टक्के झूम स्लायडर लावायला वापरा, पसंत-नापसंत ठरवायला नको. एक्सपोर्ट केलेली फाइल ज्या मापात दिसणार त्या मापात उघडा आणि मग काय ते ठरवा. प्रिंट काढायचा असेल तर त्याच फोटोचा एक तुकडा छोट्या कागदावर छापून हाताच्या अंतरावरून बघा. कागदावर दाणे स्क्रीनपेक्षा कमी दिसतात.

एक्सपोर्ट करण्यापूर्वी शेवटचं काम, जे ऐकून पहिल्यांदा मीही हसलो होतो: थोडा ग्रेन परत घाला. पार्श्वभूमी साफ गुळगुळीत आणि चेहरा दाणेदार असला की फोटो कापून चिकटवल्यासारखा वाटतो. लाइटरूमच्या इफेक्ट्स पॅनलमध्ये ग्रेनची मात्रा १० ते १५ ठेवली की सगळीकडे एकच पोत येतो. एआयने फार चोपडा केलेला गालही त्यातून सुधारतो, आणि अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या सपाट भागात जेपेगमुळे पडणाऱ्या पायऱ्याही त्या ग्रेनने झाकल्या जातात.

काकांचा फोटो शेवटी असा झाला: ब्लॅक्स खाली, कलर ३५, ल्युमिनन्स ३०, पडद्यावर मास्कने आणखी थोडं, ग्रेन १२. मोठा प्रिंट काढून काकूंना दिला. त्यांनी चष्मा लावून तो जवळून पाहिला आणि म्हणाल्या, "कोपरापाशी स्वेटर उसवलाय की."